प्रकाशाचा कारागीर

पुस्तकात छापलेले एखादे छायाचित्र चांगल्या भिंगाखाली धरून पाहिले, तर एक नवल दृष्टीस पडते. डोळ्यांना जो चेहरा सलग दिसत होता, त्याचे असंख्य ठिपके होतात. केसांच्या जागी ठिपके मोठे व दाट असतात. गालांच्या जागी ते बारीक व विरळ असतात. राखाडी रंगाची शाई तेथे नसतेच. काळे ठिपके आणि पांढरा कागद यांच्या संयोगातून आपले डोळेच राखाडी छटा निर्माण करतात. भिंग दूर केले, की ठिपके लोपतात आणि चेहरा पुन्हा पूर्ववत दिसू लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे ठिपके धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून काढण्याची विद्या भारतात नवी होती. ज्या थोड्या भारतीयांनी ती त्या काळी जिद्दीने आत्मसात केली, त्यांत त्र्यंबकेश्वरचा एक तरुण होता. पुढे भारतीय चित्रपटाचा जनक म्हणून त्याची कीर्ती देशभर झाली. या थोर कलावंताचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. लोक त्यांना आदराने दादासाहेब फाळके म्हणत.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. मुलाने आपल्यामागे शास्त्राध्ययनाची परंपरा चालवावी, अशी अपेक्षा त्या काळच्या कोणत्याही पंडित घराण्यात असणे स्वाभाविक होते. परंतु धुंडिराजाचे मन चित्रे काढण्यात, सोंगे आणण्यात आणि हातचलाखीचे प्रयोग करण्यात अधिक रमे. पुढे दाजीशास्त्री मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक झाले व कुटुंब मुंबईस आले. मुलाचा ओढा ओळखून घरच्यांनी त्यास १८८५ मध्ये सर जे. जे. कलाशाळेत घातले. तेथे त्यांच्या हाताला चित्रकलेचे शास्त्रशुद्ध वळण लागले.

त्यानंतर ते वडीलबंधूंकडे बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या प्रोत्साहनाने बडोद्यात १८९० मध्ये कलाभवन ही संस्था सुरू झाली होती. चित्रकला, रंगकाम, छपाई अशा अनेक विद्या तेथे शिकविल्या जात. संस्थेचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर पडलेले डाग त्यांनी रसायनांच्या साहाय्याने काढल्यामुळे पुढे त्यांचा मोठा बोलबाला झाला. कला आणि रसायन यांची सांगड घातल्यावाचून देशातील उद्योगधंदे वाढणार नाहीत, अशी गज्जरांची धारणा होती. अशा गुरूच्या छायेत फाळक्यांनी तैलरंगांचे व जलरंगांचे शिक्षण पुरे केले. याच सुमारास त्यांनी एक कॅमेरा मिळविला आणि छायाचित्रणाचा अभ्यास आरंभिला. त्यांची धडपड पाहून गज्जरांनी त्यांना रतलाम येथे ठसे बनविण्याची विद्या शिकण्यास पाठविले.

ही विद्या मोठी नाजूक व तितकीच चमत्कारिक होती. प्रथम काचेच्या तावदानावर अत्यंत बारीक उभ्या-आडव्या रेषांची जाळी आखलेली असे. या जाळीतून मूळ चित्राचे छायाचित्र घेतले, की चित्राचे लहानमोठे ठिपके पडत. मग तांब्याच्या किंवा जस्ताच्या स्वच्छ, गुळगुळीत पत्र्यावर सरसासारख्या चिकट द्रव्याचा लेप देत. त्या लेपात अशी रसायने मिसळलेली असत, की त्यावर उजेड पडला म्हणजे तो कठीण होई व पाण्याने विरघळत नसे. छायाचित्राची उलटी काच या पत्र्यावर ठेवून तो प्रखर प्रकाशात धरीत. काचेच्या पारदर्शक भागातून प्रकाश जाई व तेवढाच लेप घट्ट होई. काळ्या भागाखालचा लेप मऊच राही. पाण्याची धार सोडताच मऊ लेप धुऊन जाई व घट्ट झालेला लेप ठिपक्यांच्या रूपाने पत्र्यावर उरे.

यानंतर खरी कसोटी असे. पत्रा आम्लासारख्या दाहक द्रावणात बुडविला, की लेपाने झाकलेले ठिपके सुरक्षित राहत आणि उघडा पडलेला धातू हळूहळू झिजून खोल जाई. ठिपके उंचावर राहत. शाई त्यांनाच लागे. कागदावर चित्र उमटे. परंतु द्रावण काही कारागिराच्या आज्ञेत नसते. ते जसे खाली खाते, तसे बाजूंनीही खाते. पत्रा वेळेपूर्वी बाहेर काढला, तर कोरीव काम उथळ राहून छपाईत शाई साचे. क्षणभर उशीर झाला, तर ठिपक्यांची मुळे पोखरली जाऊन बारीक ठिपके नाहीसे होत व चित्रातील नाजूक छटा उडून जात. काय झाकावे, काय उघडे ठेवावे आणि पत्रा केव्हा बाहेर काढावा, या तीन गोष्टींच्या अचूक ज्ञानावर सारे यश अवलंबून असे.

रंगीत चित्रांसाठी तर हे सारे तिप्पट करावे लागे. तीन वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून एकाच चित्राची तीन छायाचित्रे घेत, तीन पत्रे कोरीत आणि पिवळ्या, तांबड्या व निळ्या शाईने एकाच कागदावर एकावर एक छापीत. तिन्ही ठसे तंतोतंत जुळले, तर चित्र जिवंत होई. एक ठसा केसभर सरकला, तरी ओठांचा रंग हनुवटीवर जाई. ज्याला प्रकाशाची पारख नाही व रसायनाचा अदमास नाही, त्याला हे काम साधणे शक्य नव्हते. प्रकाशाने निवड करावयाची व रसायनाने कोरावयाचे, हे या विद्येचे मर्म होय. फाळक्यांच्या पुढील सर्व कर्तृत्वाचा पाया याच विद्येने घातला.

विद्या हाती आली, तरी संसाराची घडी मात्र बसेना. गुजरातेत गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकार म्हणून व्यवसाय थाटला. तोच प्लेगच्या भयंकर साथीने त्यांची पत्नी व मूल यांना हिरावून नेले. दुःखाने खचलेले फाळके बडोद्यास परतले. तेथेही छायाचित्रे काढण्याचा उद्योग त्यांनी करून पाहिला. परंतु कॅमेरा माणसाच्या शरीरातील शक्ती शोषून घेतो व त्यामुळे आयुष्य घटते, अशी खुळी समजूत लोकांत पसरली होती. त्यामुळे गिऱ्हाईक त्यांच्या दुकानाची पायरी चढेना. पोटासाठी त्यांनी काही काळ जादूचे प्रयोग केले. आपल्या आडनावातील अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केल्फा असे नाव त्यांनी त्यासाठी घेतले होते. त्या वेळी कोणास हे दैवाचे फेरे वाटले असतील. परंतु डोळ्यांना चकविण्याची ही कलाही पुढे त्यांच्या कामी यावयाची होती.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुढील सर्व सुखदुःखांत त्यांनी पतीला जी साथ दिली, तिला तोड नाही. १९०३ मध्ये फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार आणि आवडीचे काम, असे सारे जुळून आले होते. पण १९०५ च्या वंगभंगानंतर देशात स्वदेशीची लाट उसळली. परक्या सरकारची चाकरी करण्यापेक्षा या देशात एखादा नवा उद्योग उभारावा, असे त्यांच्या मनाने घेतले व त्यांनी नोकरीचा त्याग केला.

लोणावळ्यास त्यांनी ठसे कोरण्याचा व छपाईचा कारखाना काढला. तेथे राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छापखान्यासाठी ते काम करीत. देवादिकांची ती रंगीत चित्रे त्या काळी घरोघरी भिंतींवर विराजमान झाली होती. पुढे काम वाढले, तसा कारखाना मुंबईस दादर येथे आला व नव्या भागीदारीत त्याला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे नाव मिळाले. रंगीत छपाईची उत्तम यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीस जाऊन आले. कारखान्याचा नावलौकिक झाला. परंतु कारभाराच्या प्रश्नांवरून भागीदारांशी मतभेद होऊ लागले. तेव्हा स्वतःच्या हातांनी उभारलेला तो कारखाना त्यांनी सोडला. सोडताना पैशाचा मोबदलाही त्यांनी घेतला नाही. चाळिशी उलटलेली, घरात मुलेबाळे आणि हाताला काम नाही, अशी त्यांची अवस्था झाली. इतर छापखान्यांकडून त्यांना बोलावणी येत होती; परंतु त्यांनी ती स्वीकारली नाहीत.

अशा मनःस्थितीत १९१०-११ च्या सुमारास मुंबईतील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे प्रसंग एकामागून एक सरकत होते. परंतु फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे गोकुळातील कृष्ण, अयोध्येचा राम आणि आपल्या पुराणांतील दृश्ये उभी राहत होती. ज्या देवदेवतांची चित्रे आपण कागदावर छापली, तीच चित्रे हलतीचालती करता येतील काय, या विचाराने त्यांना झपाटून टाकले. लगेच त्यांनी सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखविला.

त्या क्षणापासून त्यांना दुसरे काही सुचेना. मिळतील तेवढी पुस्तके त्यांनी वाचून काढली. लहानसा कॅमेरा व फिती विकत घेऊन ते घरी प्रयोग करू लागले. दररोज चार-पाच तास चित्रपट पाहावेत, उरलेल्या वेळी चिंतन आणि प्रयोग करावेत, झोपेची पर्वा करू नये, असा त्यांचा क्रम चालला. या अतिश्रमाचा परिणाम डोळ्यांवर झाला. दृष्टी मंद होत होत दिसेनासे झाले. ज्याचे सारे आयुष्य प्रकाशाच्या सेवेत गेले, त्याच्यावर अंधारात चाचपडण्याची वेळ आली! डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी व तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने त्यांची दृष्टी हळूहळू परत आली. दुसरा कोणी असता, तर त्याने हा इशारा मानून नाद सोडून दिला असता. फाळके मात्र दृष्टी येताच पुन्हा त्याच कामाला लागले.

चित्रपटाची विद्या नीट शिकावयाची व यंत्रसामग्री आणावयाची, तर इंग्लंडला जाणे भाग होते. हाती पैसा नव्हता. त्यांनी आपली विम्याची कागदपत्रे गहाण ठेवून कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तेथे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांची त्यांनी कोणाच्या ओळखीवाचून भेट घेतली. या अनोळखी भारतीयाची तळमळ पाहून कॅबोर्न यांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या चित्रपट-निर्मात्याकडे नेले. हेपवर्थ यांनी आपला कारखाना मोकळ्या मनाने त्यांना दाखविला. विल्यमसन जातीचा कॅमेरा, फितीच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फीत यांची तजवीज करून सुमारे दोन महिन्यांत फाळके मायदेशी परतले.

आता भांडवलाचा प्रश्न उभा राहिला. कर्ज देणाऱ्यांना या नव्या कलेची खात्री पटावी म्हणून त्यांनी एक लहानसा चित्रपट तयार केला. एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा रोखून ठेवला. दररोज एकेक चित्र, असे महिन्याहून अधिक काळ चालले. ती फीत पडद्यावर दाखविली, तेव्हा बीमधून कोंब फुटून त्याचा वेल होण्याचा महिन्याभराचा क्रम मिनिटाभरात लोकांच्या डोळ्यांपुढून सरकला. अंकुराची वाढ हे त्या चित्रपटाचे नाव. तो पाहून एक धनको पुढे आला. तरीही पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

राजा हरिश्चंद्राची कथा चित्रपटासाठी निश्चित झाली. दादरला चित्रणाची जागा तयार झाली. परंतु तारामतीचे काम करण्यास एकही स्त्री पुढे येईना. कारण स्त्रीने नाटकात वा चित्रपटात काम करणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या तरुणास ती भूमिका देण्यात आली. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केले, तर राजपुत्र रोहिदासाच्या भूमिकेत फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र होता. कथा, वेष, देखावे, दिग्दर्शन, सारे काही दादासाहेबच पाहत. कॅमेरा चालविण्याची विद्याही त्यांनी त्र्यंबक तेलंग या आपल्या सहकाऱ्यास स्वतः शिकविली.

दिवसा उन्हात चित्रण होई. त्या वेळी पात्रांच्या अंगावर प्रकाश परतविण्यासाठी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्याच करीत. रात्री मुले निजली, की अंधाऱ्या खोलीत फितींना छिद्रे पाडण्याचे आणि त्या रसायनात धुण्याचे काम चाले. फितीवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. ज्या कणांवर प्रकाश पडला असेल, त्यांचे रसायनाच्या योगाने काळ्या चांदीत रूपांतर होते आणि उरलेले कण दुसऱ्या रसायनात विरघळून निघून जातात. येथेही प्रकाशाने निवड करावी व रसायनाने नको ते काढून टाकावे, हाच न्याय होता. रतलामला तांब्या-जस्ताच्या पत्र्यांवर गिरविलेला धडा दादरच्या अंधाऱ्या खोलीत असा कामी आला.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांच्या अविश्रांत परिश्रमांनंतर सुमारे ३७०० फूट लांबीचा राजा हरिश्चंद्र तयार झाला. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी प्रदर्शित झाला. भारतीयांनी, भारतीय कथेवर, भारतात निर्माण केलेला तो पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट होय. एके काळी कॅमेऱ्याच्या भीतीने जे लोक दुकानाची पायरी चढत नव्हते, त्यांचेच बांधव आता पडद्यावरील हरिश्चंद्राच्या दर्शनासाठी गर्दी करू लागले.

पुढे फाळक्यांनी आपले कार्यस्थान नाशिकला हलविले. मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनी भूमिका केल्या आणि स्त्रियांसाठी या कलेचे दार उघडले. १९१७ मध्ये लंकादहन, १९१८ मध्ये श्रीकृष्णजन्म व १९१९ मध्ये कालियामर्दन हे चित्रपट आले. कालियामर्दनात बाळकृष्णाची भूमिका दादासाहेबांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केली होती. एकाच फितीवर दोनदा चित्र घेऊन पडद्यावर चमत्कार दाखविण्यात दादासाहेबांचा हातखंडा होता. जादूगार केल्फाचे कसब तेथे फळास आले. लहानमोठे मिळून शंभराच्या आसपास चित्रपट त्यांनी निर्माण केले.

तथापि दादासाहेबांचा स्वभाव मानी होता. भागीदारांशी पुन्हा मतभेद झाले. काही काळ ते सर्व सोडून काशीस जाऊन राहिले व तेथे त्यांनी एक नाटक लिहिले. परतले तेव्हा काळ बदलू लागला होता. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटांचे युग मावळले. १९३७ मध्ये गंगावतरण हा एकच बोलपट त्यांनी दिग्दर्शित केला. त्यानंतरची वर्षे त्यांनी नाशिकला काढली. ज्या उद्योगाचा त्यांनी पाया घातला, त्यात अनेकांना धन मिळाले. मात्र स्वतः दादासाहेबांना अखेरच्या काळात ओढगस्त सोसावी लागली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या बहुतेक फिती काळाच्या ओघात नष्ट झाल्या. राजा हरिश्चंद्राचाही काही भागच आज शिल्लक आहे. १९६९ पासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने देत आले आहे.

दादासाहेबांनी जी विद्या तरुणपणी रतलामला शिकली, तिचा वंश मात्र आज आणखी विस्तारला आहे. धातूच्या जागी आता सिलिकॉन आले आहे. सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूत विपुल असते. ते अत्यंत शुद्ध करून त्याच्या पातळ चकत्या काढतात. चकतीवर प्रकाशाने बदलणारा लेप देतात, त्यावर नक्षीची छाया पाडतात, लेपाचा नको असलेला भाग धुऊन टाकतात आणि उघडा पडलेला भाग द्रवरूप अथवा वायुरूप रसायनांनी कोरतात. ठसे करणाऱ्या कारागिराचीच ही रीत होय. फरक आहे तो आकाराचा. छपाईचा ठिपका भिंगातून दिसे. हे नवे कोरीव काम साध्या भिंगालाही दिसत नाही. त्याचे माप नॅनोमीटरमध्ये करतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

या कोरीव कामाने प्रकाशालाच वळण लावता येते. गुळगुळीत सिलिकॉनवर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे तिसरा हिस्सा आरशावरून परतावा तसा परत जातो. म्हणून सौरविद्युतघट तयार करताना चकती कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश यांच्या द्रावणात बुडवितात. सिलिकॉनच्या स्फटिकात काही दिशांनी झीज लवकर होते, तर काही दिशांनी सावकाश. त्यामुळे पृष्ठभागावर असंख्य चिमुकले मनोरे उभे राहतात. एका मनोऱ्यावरून उडालेला प्रकाशकिरण शेजारच्या मनोऱ्यावर आदळतो व आत शिरतो. आणखी एका रीतीत चांदीचे अतिसूक्ष्म कण चकतीवर पसरतात. ते जेथे बसतात, तेथे आम्ल झपाट्याने खाली खात जाते आणि मधूनमधून सुयांसारखे बारीक खांब उरतात. हे खांब प्रकाशाच्या लहरींहूनही बारीक असले, म्हणजे प्रकाश परत फिरतच नाही व सिलिकॉन काजळासारखे काळे दिसते. ठसे करणारा कारागीर कागदावर काळे-पांढरे ठिपके उमटवून छटा निर्माण करी. येथे शाईवाचून केवळ कोरीव कामाने काळा रंग निर्माण होतो. तरीही जुने पथ्य सुटलेले नाही. चकती वेळेवर बाहेर काढली नाही, तर कोरीव काम बिघडते.

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश येथे भालचंद्र गणेशाचे प्राचीन देवस्थान आहे. तेथे दर्शनास आलेला एखादा यात्रेकरू मंदिराचे छायाचित्र आपल्या भ्रमणध्वनीवर घेतो, तेव्हा मंदिरावरून आलेला प्रकाश सिलिकॉनच्या एका लहानशा तुकड्यावर पडतो. त्या तुकड्यावर प्रकाश टिपणारे लक्षावधी चौकोनी ठिपके कोरलेले असतात. प्रत्येक ठिपका आपल्या वाट्याचा उजेड मोजतो आणि साऱ्या ठिपक्यांचे मिळून क्षणार्धात मंदिराचे चित्र होते. शिवारातील सौरपंपाचा काळसर तक्ताही त्याच विद्येच्या बळावर सूर्यप्रकाशाची वीज करतो आणि त्या विजेवर पंप विहिरीचे पाणी वर खेचतो.

दादासाहेबांनी सिलिकॉनची चकती कधी पाहिली नाही. तथापि दृष्टी गेली असताना व घरातील दागिने गहाण पडले असताना, प्रकाश आणि रसायन यांच्या साह्याने या देशात चित्रे घडविता येतील, हा विश्वास त्यांनी ढळू दिला नाही. त्या विश्वासाची साक्ष आजही कोणास हवी असेल, तर त्याने पुस्तकातील एखादे चित्र भिंगाखाली धरून पाहावे. प्रत्येक ठिपका आपापल्या जागी नीट बसलेला आढळेल.